बडोद्यात बसून सहा ग्रंथालयांना एकदम विचारायचं तर

बडोदे संस्थानाच्या ‘श्री सयाजी साहित्यमाले’तलं एखादं जुनं मराठी पुस्तक हवं आहे. शोधणारी, समजा, महाराजा सयाजीराव विद्यापीठात इतिहासावर प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी आहे. पुस्तक कुठे असू शकेल? मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत, विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत किंवा वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. ठिकाणं सहा, कॅटलॉग सहा. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, नोंदी करण्याची पद्धत वेगळी, शोधण्याचा चौकोनही वेगळा. सहा खिडक्या उघडून तोच शब्द सहा वेळा टाइप करायचा आणि सहा याद्या डोळ्यांनी ताडून बघायच्या, हे एका पुस्तकासाठी जमेल. दोनशे पुस्तकांच्या संदर्भसूचीसाठी ते कोणाकडूनही होणार नाही.

यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे सगळ्यांच्या नोंदी आधीच एका जागी गोळा करून ठेवायच्या आणि त्या एकाच साठ्यात शोधायचं. हिला संयुक्त सूची म्हणतात. ओहायोतल्या महाविद्यालयांनी १९६७ साली सुरू केलेल्या ओसीएलसी या संस्थेचा वर्ल्डकॅट हे तिचं सगळ्यांत मोठं रूप. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इंडकॅट’ ही विद्यापीठ ग्रंथालयांची अशीच सूची आहे. दुसरी वाट म्हणजे नोंदी जिथल्या तिथे राहू द्यायच्या आणि प्रश्न आला की त्या क्षणी सगळ्या सर्व्हरना एकाच वेळी विचारायचं. हा लेख या दुसऱ्या वाटेबद्दल आहे. संगणकाच्या जगात तिचा वापर ग्रंथालयांपुरता नाही; बँका, रुग्णालयं, कारखाने, जिथे जिथे माहिती अनेक यंत्रांवर विखुरलेली आहे तिथे हाच प्रश्न पडतो. पण ग्रंथालयांनी तो फार लवकर अंगावर घेतला, आणि बडोद्याच्या माणसाला ग्रंथालयाचं उदाहरण आपलं वाटतं.

तसं वाटायला कारणही आहे. १९१० साली सयाजीराव महाराजांनी विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून घेतलं. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, तालुक्यांत आणि खेड्यांत शाखा, आणि जिथे शाखाही नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या, असं जाळं त्यांच्या काळात उभं राहू लागलं. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसेलेनी’ हे नियतकालिक निघालं, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. ग्रंथालयांचं जाळं झालं की ‘पुस्तक आहे का’ या प्रश्नाच्या जागी ‘पुस्तक कोणाकडे आहे’ हा प्रश्न येतो. त्या काळी तो पत्रानं विचारावा लागे.

एकदम विचारणं हा यातला सोपा भाग आहे, हे आधीच सांगून ठेवतो. सहाही जणांना तोच प्रश्न समजला का, आणि त्यांची उत्तरं एकमेकांशेजारी ठेवण्याजोगी आहेत का, इथे खरं काम आहे.

प्रश्नाची भाषा

सगळ्यांना कळेल अशी प्रश्नाची भाषा ठरवायचा प्रयत्न अमेरिकेत १९८० च्या दशकात सुरू झाला. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि काही मोठ्या ग्रंथालय-संस्थांचे संगणक एकमेकांशी बोलावेत म्हणून जे काम झालं, त्यातून १९८८ साली ‘झेड ३९.५०’ नावाचं मानक तयार झालं. १९९५ साली त्याची तिसरी आवृत्ती आली आणि पुढे आयएसओ या जागतिक मानक-संस्थेनं ते २३९५० या क्रमांकानं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारलं. वेब रुजण्याच्या आधीची ही गोष्ट आहे, हे लक्षात घेतलं की त्या लोकांच्या दूरदृष्टीचं फार कौतुक वाटतं.

हे चालतं कसं? आपला संगणक समोरच्या सर्व्हरच्या २१० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या ठरलेल्या दारावर, जातो. आधी ओळख होते: मी कोण, मला कोणती आवृत्ती येते, एका वेळी किती मोठं उत्तर मला पेलेल. मग शोध. सर्व्हर शोधून फक्त आकडा सांगतो, ‘बेचाळीस नोंदी सापडल्या’. सापडलेला संच तो स्वतःकडेच ठेवतो. तिसऱ्या टप्प्यात आपण म्हणतो, ‘पहिल्या दहा दाखव’, आणि तेव्हा नोंदी येतात. शोध वेगळा आणि नोंदी मागवणं वेगळं ठेवल्यामुळे, कोणी नुसतं ‘इतिहास’ एवढंच विचारलं तरी हजारो नोंदी तारेवरून वाहत येत नाहीत.

शोधाचा प्रश्न कसा लिहिला जातो ते जवळून पाहण्यासारखं आहे. एका ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये शीर्षकाच्या रकान्याला एक नाव असेल, दुसऱ्याकडे दुसरं, तिसऱ्याकडे शीर्षक आणि उपशीर्षक असे दोन वेगळे रकाने असतील. म्हणून प्रश्नात रकान्याचं नाव लिहायचंच नाही, असं ठरलं. त्याऐवजी ‘बिब-१’ नावाची आकड्यांची एक सामाईक यादी आहे. शीर्षक म्हणजे ४. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा छापील ओळखक्रमांक, ७. विषय २१. प्रकाशनाचं वर्ष ३१. लेखक १००३. कुठेही सापडलं तरी चालेल असं म्हणायचं असेल तर १०१६. आपला प्रश्न जातो तो असा: ‘४ मध्ये हा शब्द आणि १००३ मध्ये हा शब्द’. चार म्हणजे आपल्याकडचा नेमका कोणता रकाना, हे समोरच्यानं आपापल्या घरात ठरवायचं.

त्यातूनच पहिली अडचण उभी राहते. एखाद्या सर्व्हरला ३१ कळतच नाही. वर्षावरून शोधायची सोय त्यानं केलेलीच नाही. शहाणा सर्व्हर अशा वेळी ११४ क्रमांकाची त्रुटी पाठवतो, म्हणजे ‘हा प्रकार मला येत नाही’. पण काही सर्व्हर तसं न सांगता न कळलेला भाग सोडून देतात आणि उरलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात. तुम्ही १९३० पूर्वीची पुस्तकं मागितलेली असतात, हाती येतात सगळ्या काळातली, आणि पडद्यावर कुठेही तसं लिहिलेलं नसतं. माझ्या मते गप्प राहून दिलेलं असं उत्तर उघड त्रुटीपेक्षा कितीतरी घातक असतं. २००० च्या सुमारास ‘बाथ प्रोफाइल’ नावाचा करार झाला तो यासाठीच: निदान लेखक, शीर्षक, विषय यांचे ठरावीक शोध सगळ्यांनी एकाच अर्थानं घ्यावेत.

पुढे याच कल्पनेची वेबच्या पद्धतीनं चालणारी आवृत्ती निघाली, तिचं नाव एसआरयू. प्रश्न साध्या वेब-पत्त्यात बसतो, उत्तर एक्सएमएल या खुणा लावलेल्या मजकुराच्या साच्यात येतं. आतला विचार तोच आहे.

वेळेचा हिशेब

बडोद्यापासून वॉशिंग्टन सरळ अंतरानं साधारण साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकलेली असती तरी जाऊन-येऊन सेकंदाचा आठवा भाग लागणारच, आणि प्रत्यक्षात केबल वळसे घेत जाते. त्यात जोडणी, ओळख, शोध, नोंदी अशा चार फेऱ्या. सर्व्हरनं डोळ्याची पापणी लवायच्या आत शोधलं तरी अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात जातो.

आता समजा सहा ग्रंथालयांना अनुक्रमे ०.३, ०.५, ०.८, १.२, २ आणि ४ सेकंद लागतात. एकापाठोपाठ एक विचारलं तर बेरीज ८.८ सेकंद. सगळ्यांना एकदम विचारलं तर ४ सेकंद, म्हणजे सगळ्यांत संथ असेल त्याच्याएवढे. चार दुकानांत एकाच मुलाला फिरवण्याऐवजी चार मुलं एकदम पाठवावीत, तसं. सहाची साठ ग्रंथालयं झाली तर हा फरक फारच जाणवतो.

पण सगळ्यांत संथ असलेल्याच्या भरवशावर राहायचं, तर एखादा सर्व्हर बंद असला की काय? म्हणून टाइमआउट असतो: दहा सेकंदांत उत्तर आलं नाही तर त्याला सोडून पुढे जायचं. आणि इथे शोधयंत्र बनवणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा होते. एका ग्रंथालयाकडून तीन प्रकारची उत्तरं येऊ शकतात: ‘सापडलं’, ‘शोधलं, पण आमच्याकडे नाही’ आणि ‘उत्तरच आलं नाही’. पुष्कळ शोधयंत्रं शेवटच्या दोन्हींना मिळून शून्य दाखवतात. प्रबंध लिहिणारी मुलगी ते शून्य वाचून ‘हे पुस्तक लंडनमध्ये उपलब्ध नाही’ असं लिहून बसेल, आणि खरं एवढंच असेल की त्या दुपारी लंडनच्या सर्व्हरला उशीर झाला. म्हणून मी तरी आग्रहानं सांगतो: अनेक ठिकाणी एकदम शोधणारं कुठलंही साधन वापरायला घेताना आधी पाहा, कोणी उत्तर दिलं आणि कोणी दिलं नाही हे ते नावानिशी दाखवतं का. दाखवत नसेल, तर त्यातल्या ‘नाही’वर विसंबू नका.

चांगली साधनं आणखी एक करतात. आलेली उत्तरं लगेच दाखवायला घेतात आणि उशिरा येणाऱ्यांसाठी यादी वाढती ठेवतात. वाचायला बसलेल्या माणसाला पहिल्या सेकंदाला दहा नोंदी मिळाल्या तर उरलेल्यांसाठी तो आनंदानं थांबतो.

सहा याद्यांची एक यादी

उत्तरं आली. आता ती एकत्र लावायची.

सगळ्यांत जुनं पुस्तक वर यावं अशी मागणी आहे असं धरा. एका ग्रंथालयात ४,००० नोंदी सापडल्या, पण आपण पहिल्या वीसच मागवल्या. तिथल्या सवयीप्रमाणे नुकत्या आलेल्या वीस आल्या. सहाही ठिकाणच्या मिळून १२० नोंदी आपण वर्षाप्रमाणे लावल्या. यादी दिसते व्यवस्थित, पण वर दिसणारं पुस्तक सगळ्यांत जुनं असेल याची काहीच खात्री नाही. खरोखर जुनं पुस्तक न मागवलेल्या ३,९८० मध्ये राहिलेलं असू शकतं. उपाय आहे. प्रत्येक सर्व्हरला आधी वर्षाप्रमाणे लावायला सांगायचं आणि मग त्याच्या पहिल्या वीस घ्यायच्या. एकूणातली सर्वांत जुनी वीस पुस्तकं या १२० मध्ये असणारच, कारण एखादं पुस्तक आपल्याच ग्रंथालयात पहिल्या वीसात नसेल तर सगळ्यांच्या मिळून पहिल्या वीसात ते येणार कुठून? थोडंसं काम माहितीच्या जागी करून घेतलं की उत्तर शंभर टक्के बरोबर येतं, हे मला नेहमीच फार सुंदर वाटतं.

हे वर्षाला लागू पडतं, कारण १९२५ हे सगळीकडे १९२५च असतं. ‘सर्वांत जुळणारं आधी’ या क्रमाला ते लागू पडत नाही. शोधयंत्र एखाद्या शब्दाला किती महत्त्व द्यायचं हे बहुधा तो शब्द किती दुर्मीळ आहे यावरून ठरवतं. ‘बडोदे’ हा शब्द बडोद्याच्या ग्रंथालयात जागोजागी, म्हणून तिथे त्याला किंमत नाही. वॉशिंग्टनच्या कोट्यवधी नोंदींत तो क्वचित, म्हणून तिथे तोच शब्द नोंदीला वर ढकलतो. दोन्हीकडून आलेले गुण शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या परीक्षांचे मार्क एका गुणपत्रिकेत लिहिणं. काही शोधयंत्रं म्हणूनच आलेल्या नोंदींना नव्यानं स्वतःचे गुण देतात. काही प्रत्येकाकडची एकेक नोंद आळीपाळीनं घेतात. ते ओबडधोबड आहे, पण निदान कोणा एकाचा वरचष्मा होत नाही.

मग दुबार नोंदी. तेच पुस्तक चार ग्रंथालयांत असेल तर यादीत ते एकदाच यावं आणि शेजारी चार ठिकाणं दिसावीत. आयएसबीएन असला की हे काम हलकं होतं. तरी त्यातही सांभाळावं लागतं: १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन दहाऐवजी तेरा अंकी झाला. जुन्या क्रमांकापुढे ९७८ लागतं आणि शेवटचा पडताळा-अंक नव्यानं काढला जातो, त्यामुळे दोन्ही रूपं एकाच रूपात आणल्याशिवाय ती जुळत नाहीत. पण आयएसबीएन हे मानकच १९७० चं. आपल्या विद्यार्थिनीला हवं असलेलं संस्थानी काळातलं पुस्तक त्याच्या कितीतरी आधीचं. तिथे शीर्षक, लेखक, वर्ष आणि पानांची संख्या यांच्यावरूनच जुळवाजुळव करायची, आणि मराठी पुस्तकाच्या बाबतीत तिथेच पाय अडखळतो.

गायकवाड किती प्रकारे लिहितात

महाराजांचं आडनाव इंग्रजीत लिहा. कोणी जी-ए नंतर ई लिहितं, कोणी आय. इंग्रजांच्या काळातल्या पुस्तकांत शेवटी डी नसून आर आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस ज्या लिप्यंतर-पद्धतीनं भारतीय भाषांतली पुस्तकं नोंदवते, तिच्यात मराठी अक्षरातला न उच्चारलेला अ सुद्धा लिहिला जातो, म्हणून तिथे ‘गायकवाड’चं वाचन ‘गायकवाडा’सारखं होतं: ‘य’ला ए, ‘क’ला ए, शेवटी ‘ड’लाही ए, मधल्या ‘क’नंतर डब्ल्यूऐवजी व्ही, आ दाखवायला ए वर आडवी रेघ आणि ड खाली टिंब. त्याच पद्धतीत च साठी नुसतं सी लिहितात. सीएच हे छ साठी राखून ठेवलेलं. आपण सगळे ‘चरित्र’ हा शब्द रोमन लिपीत सीएचनं सुरू करतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदीत तो नुसत्या सीनं सुरू होतो. सीएच टाकून शोधलं तर शून्य येतं आणि पुस्तक तिथे कपाटात असतं.

रोमन सोडून सरळ देवनागरीत शोधलं तर? तेव्हा दुसरे प्रश्न उभे राहतात. मराठी शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ चे. त्याच्या आधीच्या मुखपृष्ठांवर ‘कांहीं’, ‘पुस्तकें’, ‘गांव’ असे अनुस्वार आहेत, आणि काळजीपूर्वक काम करणारा ग्रंथपाल मुखपृष्ठावर आहे तसंच नोंदवतो. आजची वाचक अनुस्वार न देता शोधते. दोघंही बरोबर आहेत आणि दोघांची गाठ पडत नाही.

त्याहून बारीक गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या सामाईक अक्षरसंहितेत, तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो: खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा, किंवा साधा र घेऊन पाय मोडायचा आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकायचं. छापलेलं रूप सारखंच दिसतं. यंत्राच्या दृष्टीनं मात्र ते दोन निरनिराळे शब्द आहेत. एका ग्रंथालयाच्या कीबोर्डनं पहिली तऱ्हा घेतली, दुसऱ्याच्या कीबोर्डनं दुसरी, की डोळ्यांना हुबेहूब दिसणाऱ्या दोन नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत.

ग्रंथालयीन नोंदी ज्या साच्यात ठेवतात त्या मार्क २१ मध्ये यासाठी सोय आहे. शीर्षक २४५ क्रमांकाच्या रकान्यात रोमन लिपीत, आणि तेच शीर्षक मूळ लिपीत ८८० क्रमांकाच्या रकान्यात. म्हणजे एकाच नोंदीत दोन्ही दारं. पण मार्कची जुनी अक्षरसंहिता मार्क-८ होती. तिच्यात अरबी, हिब्रू, चिनी, ग्रीक होती. देवनागरीला जागाच नव्हती. युनिकोड येईपर्यंत आपल्या पुस्तकांची नोंद परक्या लिपीतूनच होत राहिली. ज्यांना मराठी पुस्तकं जगाला सापडावीत असं वाटतं, त्यांनी नव्या पुस्तकांच्या खरेदीइतकाच जुन्या नोंदींत देवनागरी रकाना भरण्यावर पैसा आणि वेळ घालवायला हवा, असं मला मनापासून वाटतं. विचारणारं यंत्र कितीही हुशार असो, समोरच्या नोंदीत जे लिहिलेलंच नाही ते त्याला कुठून मिळणार?

सूचीपलीकडचे प्रश्न

आतापर्यंतचा प्रश्न ‘हे तुमच्याकडे आहे का’ असा होता. त्याचं उत्तर प्रत्येक जण स्वतंत्रपणे देऊ शकतो. एकाच प्रश्नाचा अर्धा भाग एका यंत्रावर आणि अर्धा दुसऱ्यावर असला की मामला बदलतो. उदाहरणार्थ: १९४७ पूर्वी छापलेल्या पुस्तकांपैकी यंदा कोणती वाचायला नेली गेली? पुस्तकांची माहिती सूचीच्या सर्व्हरवर, देवघेव दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर. समजा सूचीत ३ लाख नोंदी आहेत आणि देवघेवीच्या ५० लाख ओळी.

भोळा मार्ग असा की दोन्ही तक्ते आपल्या यंत्रावर ओढून आणायचे आणि मग जुळवायचे. उत्तर बरोबर येईल, पण त्रेपन्न लाख ओळींचा प्रवास होईल. शहाणा मार्ग: आधी सूचीला विचारायचं, १९४७ पूर्वीच्या पुस्तकांचे नुसते दाखल-क्रमांक दे. समजा ९,००० आले. ते तेवढेच देवघेवीच्या सर्व्हरकडे पाठवायचे आणि म्हणायचं, यंदाच्या नोंदींपैकी ज्यांचे क्रमांक या यादीत आहेत त्याच ओळी पाठव. ७०० येतील. दहा हजारांच्या आत काम झालं. डेटाबेसच्या अभ्यासकांनी याला सेमी-जॉइन म्हटलं आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एसडीडी-१ नावाच्या प्रयोगात ते वापरून पाहिलं. तेव्हा तारा संथ होत्या. आज त्या वेगवान आहेत, पण माहिती त्याहून वेगानं वाढली आहे, त्यामुळे युक्ती अजून तितकीच कामाची आहे.

आज हे करायची साधनं मोफत मिळतात. पोस्टग्रेस या डेटाबेस-सॉफ्टवेअरमध्ये ‘फॉरेन डेटा रॅपर’ नावाची सोय आहे. तिनं दूरचा तक्ता आपल्याच डेटाबेसमध्ये असल्यासारखा दिसतो. त्यातला पोस्टग्रेसकडून पोस्टग्रेसकडे जाणारा रॅपर २०१३ साली ९.३ आवृत्तीत आला. मात्र सावध राहा: बरीच वर्षं तो अनेक दूरच्या तक्त्यांना एकापाठोपाठ एक विचारत असे. एकाच वेळी विचारण्याची क्षमता २०२१ च्या १४ व्या आवृत्तीत आली, आणि तीही त्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मुद्दाम चालू करावी लागते. दुसरं मोठं साधन ट्रिनो. फेसबुकमध्ये २०१२ साली ‘प्रेस्टो’ नावानं ते सुरू झालं, २०१३ साली खुलं झालं, आणि मूळ निर्मात्यांच्या शाखेनं २०२० साली ट्रिनो हे नाव घेतलं. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, ऑरॅकल अशा निरनिराळ्या साठ्यांना एसक्यूएल या डेटाबेसच्या प्रश्नभाषेतल्या एकाच वाक्यात विचारता यावं, यासाठी ते आहे.

साधन कुठलंही घ्या, एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. गाळणी दूरच्या यंत्रावर लागते आहे की आपल्याकडे सगळं आल्यावर? क्वेरीआधी, म्हणजे प्रश्नाच्या वाक्याआधी, ‘एक्सप्लेन’ लिहून तिचा आराखडा मागवला की कळतं. अट लिहिण्याच्या पद्धतीत जराशी गफलत झाली, म्हणजे दूरच्या सर्व्हरला न कळणारं एखादं फंक्शन त्यात आलं, तर साधन बिचारं सगळा तक्ता इकडे आणून मग गाळतं. उत्तर बरोबरच असतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. फक्त दोन सेकंदांचं काम वीस मिनिटं चालतं.

आकडेमोडीतही एक सापळा आहे. बेरीज आणि मोजणी तुकड्यांत करून जोडता येते. सरासरी येत नाही. एका शाखेत १० सभासदांनी सरासरी १२ पुस्तकं नेली आणि दुसऱ्या शाखेत ९० जणांनी सरासरी २, तर एकूण सरासरी ७ होत नाही. ३०० पुस्तकं भागिले १०० सभासद, म्हणजे ३. म्हणून प्रत्येकाकडून सरासरी न मागवता बेरीज आणि संख्या मागवायची. ‘एकूण वेगवेगळी पुस्तकं किती’ हे तर नुसत्या आकड्यांतून कधीच कळत नाही, कारण तेच पुस्तक दोन्हीकडे असू शकतं. त्यासाठी ओळखक्रमांकच मागवावे लागतात.

आणि सगळी उत्तरं एकाच क्षणाची नसतात, हेही ध्यानात ठेवायचं. पहिल्या सर्व्हरनं उत्तर दिल्यावर आणि दुसऱ्यानं द्यायच्या आधी कोणी पुस्तक परत केलं असेल, तर ते दोन्ही याद्यांत दिसेल किंवा कुठल्याच यादीत दिसणार नाही. पुस्तकांच्या शोधाला एवढं चालतं. पैशांच्या हिशेबाला चालत नाही. तिथे ठरावीक वेळेची प्रत काढून तिच्यावरच प्रश्न विचारावेत.

मग संयुक्त सूची बरी की एकदम विचारणं? ग्रंथालयांनी गेल्या काही वर्षांत पहिल्या वाटेकडे बराच कल दाखवला आहे. २००१ साली आलेल्या ओएआय-पीएमएच या मानकामुळे नोंदी ठरावीक काळानं आपोआप गोळा करता येतात, आणि एका जागी आणलेल्या नोंदींवर शुद्धलेखन सैल करणं, लिप्या जुळवणं, क्रम लावणं हे सगळं निवांतपणे करता येतं. शोधासाठी मीही तीच वाट पसंत करीन. पण पुस्तक आज कपाटात आहे की कोणी नेलं, हे ज्याचं त्यालाच त्या क्षणी विचारायला हवं. म्हणून शोध गोळा केलेल्या सूचीत आणि उपलब्धतेची चौकशी थेट सर्व्हरकडे, ही जोडी मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

बडोद्यातल्या, इंदूरमधल्या किंवा कुठल्याही गावच्या लहान मराठी ग्रंथालयाला यातलं काही आजच वापरायचं असेल, तर ‘कोहा’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. न्यूझीलंडच्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी ते बनलं आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलं. त्याच्या प्रशासन विभागात झेड ३९.५० आणि एसआरयू सर्व्हरची यादी असते. तिथे मोठ्या ग्रंथालयाचा पत्ता, पोर्ट, डेटाबेसचं नाव आणि टाइमआउट भरायचा. नवं पुस्तक नोंदवताना आयएसबीएन टाकला की निवडलेल्या सगळ्या सर्व्हरना विचारलं जातं, आणि कोणाकडे तयार नोंद असेल तर ती जशीच्या तशी आपल्याकडे उतरवून घेता येते. भरताना अक्षरसंहितेचा रकाना नीट निवडा: सर्व्हर युटीएफ-८ (युनिकोडचं प्रचलित रूप) देत असताना तिथे मार्क-८ राहिलं, तर नावांवरच्या रेघा आणि खालची टिंबं विस्कटून येतात. आणि नोंद उतरवून झाली की २४५ मधलं रोमन शीर्षक तसंच ठेवून, पुस्तक हातात आहे तोवर, ८८० मध्ये ते देवनागरीत लिहून टाका.